बलविंदरचा गुडघा

४ नोव्हेंबर

कोच सांगतो, रोज लिहायचं. काय चुकलं, काय जमलं, मनात काय आलं. कोच अमेरिकेचा, त्याचं नाव डॅरेल. तो बोलतो ते मॅनेजर पोतनीस आम्हाला हिंदीत करून सांगतात. कोच बराच वेळ बोलला की पोतनीस एकच वाक्य सांगतात, आणि कोच एकच वाक्य बोलला की पोतनीस बराच वेळ सांगतात. त्यामुळे नक्की काय लिहायचंय ते कळलेलं नाही, पण लिहितो.

मी दिपेश नारू पागधरे, धाकटी डहाणू. बाबांच्या बोटीवर जातो. वजन एकशे अठ्ठावीस किलो, आणि ते आजवर माझ्या कामाला आलं ते फक्त बोट ढकलताना. गणपतीनंतर पोतनीस डहाणूला मासे खायला आले होते. खाडीवर ओहोटीला आमची बोट गाळात तिरकी व्हायला लागली म्हणून मी पाठ लावून धरली होती आणि बाकीचे टेकू शोधत होते. टेकू सापडेना. पोतनीस काठावरून बघत राहिले. बोट सरळ झाल्यावर ते बुटांसकट चिखलात उतरले आणि म्हणाले, अमेरिकन फुटबॉल खेळणार का. मी म्हटलं, मला साधा फुटबॉलपण येत नाही. ते म्हणाले, उत्तम.

बाबा म्हणाले, "मासे सोडून माणसं पकडायला चाललास." त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत. बायको भाविनी म्हणाली, जाऊन या, नाही जमलं तर बोट कुठे पळून जातेय. आईने सुक्या बोंबलांची पिशवी दिली. ती इथल्या खोलीत उघडली तेव्हा माझा रूमपार्टनर मनिष बाहेर जाऊन झोपला. तो हरियाणाचा, कुस्तीतला. दूध पितो.

९ नोव्हेंबर

आज माझी जागा ठरली. तिला नोज टॅकल म्हणतात. बचावाच्या रांगेत बरोबर मधोमध, बॉलच्या समोर, हात जमिनीला टेकून बसायचं. समोरच्याने बॉल मागे दिला की उठायचं आणि समोरच्या दोन माणसांना गुंतवून ठेवायचं. बॉल माझ्याकडे कधीच येणार नाही. मी विचारलं, मग बॉलवाल्याला पकडायचं कोणी? कोच म्हणाला, तुझ्या मागचा मोकळा माणूस पकडेल. तो मोकळा का असेल? कारण दोघं तुझ्यापाशी अडकलेले असतील.

हे मला लगेच समजलं. डोलीच्या जाळ्याला खाडीत खुंटा असतो तसं. खुंटा नसेल तर जाळं वाहून जाईल, पण खुंट्याला बाजारात कोणी विचारत नाही. कोचला पोतनीसांनी हे इंग्रजीत सांगितलं. कोच माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला, मग त्याने मला मिठी मारली. पोतनीस काय बोलले देव जाणे.

१७ नोव्हेंबर

पहिली मॅच. आमची टीम कोकण शार्क्स. मैदानाभोवती पत्र्याची भिंत, खुर्च्या सगळ्या रिकाम्या. मी विचारलं, लोक कधी येणार? पोतनीस म्हणाले, लोक नंतर घालणार. भारत ग्रिडआयर्न लीगच्या सगळ्या मॅच याच मैदानात महिनाभरात खेळून घ्यायच्या आणि जानेवारीपासून दर रविवारी टीव्हीवर एकेक दाखवायची, 'लाइव्ह' लिहून. टाळ्या, आरडाओरडा, झेंडे, सगळं नंतर चिकटवणार.

रिकाम्या मैदानात आपला श्वास हेल्मेटात ऐकू येतो. समोरच्या दोघांचापण. एकदा त्या दोघांना मी जागेवरून हलूच दिलं नाही आणि मागच्या पोराने बॉलवाल्याला आडवा केला. तो उठून नाचला, कॅमेरे त्याच्यामागे धावले. मी खाली बसून राहिलो. छातीत काहीतरी मोकळं झाल्यासारखं वाटलं. बोट सरळ झाल्यावर वाटतं तसं.

मला हे काम आवडायला लागलंय. कोणाला सांगायची सोय नाही.

२५ नोव्हेंबर

माळवा मॅमथ्स नावाची टीम आहे. त्यांचा बलविंदर नावाचा नोज टॅकल आलाच नाही. पोस्टर छापून झालेली, त्यामुळे बलविंदर पाहिजेच. पोतनीस माझ्याकडे आले. म्हणाले, हेल्मेटात तोंड कुठे दिसतं? अंगाने तुम्ही सारखेच.

मी म्हटलं, मी शार्क्सचा आहे. ते म्हणाले, तू मोठ्या अंगाचा आहेस, आणि लीगमध्ये मोठ्या अंगाची माणसं कमी आहेत.

आज बलविंदर म्हणून खेळलो. बलविंदरने जरा जास्तच जोर लावला असं मला वाटलं. पंचाने थांबवल्यावरही एका बारक्याला खाली दाबलं. मी असं करत नाही.

८ डिसेंबर

गुडघा गेला. झोपून लिहितोय.

आज शार्क्स आणि मॅमथ्स समोरासमोर. मी म्हटलं, आज तरी मला माझ्याकडून खेळू द्या. पोतनीस म्हणाले, शार्क्सकडे मनिष आहे, त्याला तुझा शर्ट घालू, मॅमथ्सकडे कोणीच नाही. शिवाय मॅमथ्सचा बॉल देणारा तापाने पडलेला, म्हणून बलविंदरला आज त्याच्या जागी, हल्ल्याच्या रांगेत उभं केलं. म्हणजे मी बॉलवर वाकलो आणि मान वर केली तर समोर निळा शर्ट, त्यावर माझा नंबर आणि 'पागधरे'. समोर मीच बसलो होतो. मी मागे बॉल दिला आणि मला ढकलायला उठलो.

बाजूचा कोणीतरी घसरून पायावर आला, त्याच्यावर मनिष. आवाज मला ऐकू आला. खुर्च्या रिकाम्या, त्यामुळे सगळ्यांनाच आला. मनिष हेल्मेट काढून रडायला लागला तर पोतनीस धावत आले आणि त्याला आधी हेल्मेट घालायला लावलं.

११ डिसेंबर

डॉक्टरने फोटो बघून सांगितलं की आतली दोरी तुटलीय. ऑपरेशन करावं लागेल, चालता येईल, जड कामपण करता येईल हळूहळू, पण हा खेळ पुन्हा नाही.

पोतनीस खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू टेन्शन घेऊ नको. दिपेश पागधरेला काही झालेलं नाही. जे झालंय ते बलविंदरला." हे ऐकून मला क्षणभर बरंच वाटलं. मग उशी पायाखाली सरकवायला गेलो आणि कळलं की बलविंदरला फार दुखतंय.

रिपोर्टवरपण नाव बलविंदर आहे. फायनल मनिष माझ्या नावाने खेळेल.

१५ डिसेंबर

फायनल झाली. दिपेश पागधरेने कप उचलला. मी कुबडी घेऊन पत्र्याजवळ उभा होतो.

सगळ्यांना घरी पाठवतायत, हॉटेल परवडत नाही म्हणून. अट एकच. मॅच दाखवतील त्या रविवारी कोणीही आपल्या गावात दिसायचं नाही. शनिवारी निघायचं, सोमवारी परतायचं. निकाल तर मेलं तरी सांगायचा नाही. सह्या घेतल्या. मी दोन केल्या, एक माझी, एक बलविंदरची.

२२ डिसेंबर

घरी. भाविनीला फक्त शीर चमकलीय असं सांगितलं. तिने पाय बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि गरम पाण्याची पिशवी आणली. बाबा जाळं विणत होते, मान वर केली नाही.

लंगडणं लपवायला मी हळू चालतो. जाड माणूस हळू चालला तर कोणाला संशय येत नाही.

५ जानेवारी

पहिला रविवार. काल बॅग घेऊन निघालो. अख्खी गल्ली निरोप द्यायला आली. रिक्षावाल्याला म्हटलं, स्टेशन. त्याने रिक्षा सरळ तलासरीच्या रस्त्याला लावली. मी म्हटलं, अरे स्टेशन. तो म्हणाला, हो हो, आणि थांबला तो चैत्याच्या पाड्यावर. मला इथेच यायचं होतं म्हणून मी वाद घातला नाही. नवीन पोरगा असेल, रस्ते माहीत नसतील.

चैत्या आमच्या बोटीवर खलाशी असतो. यंदा शेतीमुळे घरी आहे. त्याची बायको नवशी. त्याच्याकडे टीव्ही आहे, त्यामुळे संध्याकाळी अख्खा पाडा अंगणात जमला. मी खाटेवर, माझ्यासमोर टीव्हीत मी. चिकटवलेल्या गर्दीतल्या लोकांनी स्वेटर घातले होते आणि आम्ही घामाने निथळत होतो.

चैत्याची आई बुधीबाई माझ्याकडे बघायची, मग टीव्हीकडे, मग माझ्याकडे. शेवटी तिने विचारलं, "दोन आहेत?" चैत्याने सांगितलं, कंपनीने कुठे बोलायचं नाही म्हटलंय. म्हातारी म्हणाली, मग तिथला तिथे आणि इथला इथे, दोघांना जेवायला नको घालायला. नवशीने मला भाकरी वाढली.

"दिपेशभाय, तुमी तर नुसते बसताव न् उठताव," चैत्या म्हणाला. मी समजावलं की तेच काम आहे. त्यानंतर तो मागच्या पोराकडे बघेना, फक्त माझ्याकडे बघायला लागला, आणि दोघं माझ्यापाशी अडकले की मांडीवर थाप मारायचा. मला कसंसंच झालं. असं कोणी बघितलं नव्हतं.

७ जानेवारी

काल परत आलो. लोकांनी विचारलं, विमानात खिडकी मिळाली का. मी म्हटलं, मधली सीट होती. सगळे जरा जास्तच वेळ मान हलवत राहिले.

१९ जानेवारी

आज बलविंदरची मॅच होती. गुणांत शार्क्सच्या पुढे मॅमथ्सच जाऊ शकतात, म्हणून त्यांची मॅचपण गावात सगळे बघतात. संध्याकाळी भाविनीचा फोन आला. बारक्याला दाबलं तेव्हा गल्लीने बलविंदरला फार शिव्या घातल्या म्हणे. सगळ्यात जास्त बाबांनी. मी विचारलं, बाबा बघतात? ती म्हणाली, पहिल्या रविवारपासून. खुर्ची घेऊन सगळ्यात पुढे. तिने विचारलं, हा बलविंदर खराखुरा कसा आहे हो? मी म्हटलं, वाईट नाही. जागेमुळे तसा वागतो.

बाबा सोमवारी माझ्याशी बोलतील असं वाटतंय.

२१ जानेवारी

बोलले. म्हणाले, "त्या बलविंदरच्या समोर गेलास तर सोडू नको."

मी हो म्हटलं.

२ फेब्रुवारी

आमच्या गावची बायजी मासे विकायला आज चैत्याच्या पाड्यात आली. मी अंगणात उघडा बसलेलो, लपायला वेळच मिळाला नाही. लपायचं तरी कशामागे. पण बायजीने मला बघितलंच नाही. माझ्यावरून नजर फिरवून तिने टोपलीतून मोठं पापलेट काढलं आणि नवशीला म्हणाली, पाहुण्याला दे, दुखण्याला बरं असतं. पैसे घेतले नाहीत. पाहुणा कोण, दुखणं कसलं, काही विचारलं नाही. बायजीची नजर अधू व्हायला लागलीय. भाविनीला सांगितलं पाहिजे, तिच्या पोराला कळव म्हणून.

मला वाटलं होतं, एवढं मोठं अंग लपवणं अवघड जाईल. पण मला ते उपजतच येतंय असं दिसतं. मागच्या खेपेला सोमवारऐवजी चुकून रविवारीच अंधार पडताना घरी आलो, गल्लीत माणसं होती, पण एकानेही हाक मारली नाही.

११ फेब्रुवारी

माझा बॅनर लागलाय. मच्छीमार सोसायटीच्या अंगणात सत्कार ठरतोय, सगळ्या मॅच संपल्यावर. पोरं नोज टॅकल नोज टॅकल खेळतात, म्हणजे दोघं तिसऱ्याला ढकलतात आणि तो हलत नाही. बॉल वापरत नाहीत.

बाबा आता रोज बोलतात. काल वाळूवर बोट ओढायची होती. मी पुढे झालो तर बाबांनी हाताने बाजूला केलं. म्हणाले, तुझं अंग आता टीव्हीचं आहे, राहू दे. सात जणांनी मिळून ओढली. मी बाजूला उभा. पाय ठणकत होता, तरी वाटलं की खरं सांगून टाकावं आणि खांदा लावावा. पण बाबा एवढे खूश होते की तोंड उघडेना. त्यांना आवडलेला मुलगा डिसेंबरातच संपलाय हे त्यांना कळायला अजून दोन रविवार आहेत. मग वाटलं, कळणारच नाही. टीव्हीतला तर कप उचलणार आहे. हे जास्त वाईट वाटलं.

२३ फेब्रुवारी

आज ती मॅच होती.

चैत्याला मी आधीच म्हटलं होतं, आज टीव्ही लावू नको. पण पाडा जमला होता. मी घरात जाऊन बसलो, तरी आवाज येतच होता. समालोचक ओरडला, पागधरे आणि बलविंदर, दोन डोंगर समोरासमोर. मग ती चिकटवलेली गर्दी गरजली. मग पाडा. पोरांनी टाळ्या वाजवल्या, बलविंदर पडला, बलविंदर पडला. एकदा, आणि मग पुन्हा, कारण त्यांनी ते सावकाश करून परत दाखवलं. चैत्या आत आला. माझ्या पायाकडे बघून उभा राहिला आणि बाहेर जाऊन त्याने टीव्ही बंद केला.

मॅच संपायच्या आत अंगणात टेम्पो थांबला. मासे नेतात तो. बाबा उतरले. अंगावर घरातलाच बनियन होता. सरळ आत आले.

"पाय दाखव."

मी उगाच डावा पुढे केला. बाबांनी खाली बसून उजव्याची पँट वर केली. पट्टा बघितला, सूज बघितली.

"बलविंदर तू होतास," ते म्हणाले.

मी म्हटलं, कंपनीने सांगितलं होतं.

"पडताना तू हात मागे टाकलास. लहानपणी होडीवरून पडायचास तेव्हा तसाच टाकायचास." ते जमिनीवरच बसून राहिले. "मी टाळ्या वाजवल्या रे. उभा राहून वाजवल्या. मग त्यांनी ते सावकाश दाखवलं."

मी म्हटलं, बाबा, तुम्हाला माहीत नव्हतं. त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथेच होता. त्यांच्या हाताला बर्फाचा वास येत होता.

मग म्हणाले, चल घरी. मी म्हटलं, आज रविवार आहे, मॅच चालू आहे, कोणी बघितलं तर? "कोणी बघत नाही," ते म्हणाले.

आणि खरंच कोणी बघितलं नाही. टेम्पो गल्लीच्या तोंडाशी थांबला. बाबांच्या आणि चैत्याच्या खांद्यावर हात टाकून मी लंगडत घरापर्यंत गेलो. घराघरातून समालोचक माझं नाव घेत होता. नळावर बायका होत्या, सोसायटीजवळ पुरुष होते, बलविंदर पडल्याबद्दल फटाके लावायला पोरं बसली होती. आम्ही आलो तेव्हा सगळे नेमके भिंतीकडे तोंड करून उभे होते. एवढ्या लोकांना एकाच वेळी भिंतीत काय दिसत होतं ते मला समजलं नाही. फटाके मात्र लागले नाहीत. एका पोराच्या हातातली काडी त्याच्या आईने विझवली.

२६ फेब्रुवारी

डहाणूत डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी रिपोर्ट वाचून विचारलं, बलविंदर कोण? बाबा म्हणाले, हाच. मग दिपेश पागधरे कोण? बाबा म्हणाले, तोपण हाच, पण टीव्हीत दिसतो तो दुसरा. डॉक्टरांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, पाय एकच आहे ना? तेवढं पुरे. ऑपरेशन पुढच्या महिन्यात.

परत येताना बाबांनी विचारलं, आवडत होतं का रे तुला ते? मी म्हटलं, हो. खूप. मला रडू आलं, रिक्षात, दिवसाढवळ्या.

२ मार्च

फायनल. घराचं दार लावून घरीच बघितली. माझ्या शर्टात मनिष. चांगला खेळला. शेवटी कप उचलला तेव्हा बाहेर सगळं गाव ओरडत होतं आणि आम्ही चौघं गप्प. आई म्हणाली, "हे पोर कोणाचं?" मी सांगितलं. तिने विचारलं, त्याच्या आईला माहीत आहे का? मी कधी विचारलंच नव्हतं.

५ मार्च

पोतनीसांचा फोन. पुढच्या वर्षी लीग होणार आहे. दिपेश पागधरे प्रेक्षकांना फार आवडलाय, तो राहणारच. मनिष खेळेल त्या नावाने. मी फक्त हो म्हणायचं आणि रविवारी दिसायचं नाही. हे मला जमतं असं त्यांच्या कानावर आलंय म्हणे.

सांगायला लाज वाटते, पण मी लगेच नाही म्हटलं नाही. नाव टीव्हीवर राहील. गाव दर रविवारी जमेल. पायाचं काय झालं ते कोणाला सांगावं लागणार नाही. भाविनीला विचारलं. ती मासे कापत होती. म्हणाली, "म्हणजे माझा नवरा कसा आहे ते मी टीव्हीवर बघायचं?" आणि कापत राहिली.

मग मनिषला फोन केला. तो आधी गुडघ्याबद्दलच रडला. त्याची आई दर रविवारी टीव्हीसमोर बसायची आणि त्याला शोधायची. त्याने तिला सांगितलंय की तो राखीव होता, बाकावर. निकाल फुटू नये म्हणून पोतनीसांनी तसं सांगायला लावलं होतं, आणि आता खरं सांगितलं तर तिला खोटं वाटेल. बाकाचं चित्र कधी दाखवलंच नाही, त्यामुळे ती म्हणते, तू तिथे गेलाच नव्हतास.

९ मार्च

सत्कार झाला. शाल, नारळ, आणि चांदीच्या रंगाचा मोठा मासा. सोसायटीचे चेअरमन कप उचलल्याबद्दल बोलले. माझ्या हातात माइक दिला.

मी म्हटलं, कप मी उचलला नाही. माझ्या शर्टात मनिष नावाचा मुलगा होता, हरियाणाचा. माझा पाय आधीच गेला होता. मी पुन्हा खेळणार नाही.

मला वाटलं होतं, आरडाओरडा होईल. कोणालाच आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. बायजी तर मान डोलावत होती. मग मागून कोणीतरी विचारलं, मग बलविंदर कोण होता? मी म्हटलं, मीच. तेव्हा मात्र सगळे खाली बघायला लागले, कारण बारक्याला दाबल्याबद्दल बलविंदरला काय काय म्हटलं होतं ते एकेकाला आठवत असावं. बाबा पहिल्या रांगेत होते. ते उठून माझ्या दुखऱ्या बाजूला येऊन उभे राहिले.

मी मनिषला व्हिडिओ फोन लावला आणि सांगितलं, आईला दे. फोन माइकला धरला. पडद्यावर डोक्यावर ओढणी घेतलेली बाई आली, मागे म्हैस. मी माझ्या हिंदीत सांगितलं की फायनलमध्ये दिसला तो दिपेश तुमचा मनिष होता, कप त्याने उचललाय, आणि दिपेश मी आहे, मी इथे आहे. गाव मागून ओरडलं, मनिष, मनिष. सांगितलं नव्हतं, आपणहून ओरडलं.

बाईंना पटेना. त्या माझ्याकडे निरखून बघत होत्या. मग आईने माझ्या हातातून फोन घेतला. आईला हिंदी येत नाही, बाजारापुरती गुजराती येते. ती म्हणाली, "बेन, साचूं छे. तुमचा पोरगा चांगला आहे."

मग त्या बाई तोंडावर ओढणी धरून बोलायला लागल्या. उस मोटे दिपेश को तो मैं हर इतवार गाली देती थी, मेरे बेटे की जगह खा गया करके.

मी आईला अर्थ सांगितला. आई म्हणाली, "आमी पन दिल्या, बेन. आमच्याच पोराला."

हे त्यांना कोणी समजावून सांगितलं नाही, तरी त्या हसायला लागल्या. आई जेवणाच्या पंगतीपासून लांब, वलांडीवर बोंबील वाळत होते तिकडे फोन घेऊन गेली. मी जेवून उठलो तरी दोघींचं चालूच होतं. दोन्ही हात पसरून आई तिला काहीतरी दाखवत होती. बहुतेक जन्मलो तेव्हा मी केवढा होतो ते.

पोतनीसांना 'नाही' असं कळवलं. मनिषला त्याच्या नावाने खेळवा, असंही कळवलं. ते म्हणाले, मग बलविंदरचं काय, त्याचीपण चाहते मंडळी आहेत. मी म्हटलं, त्याचं ऑपरेशन आहे.